एकच नाव, तीन रूपे



सातवीत शिकणाऱ्या एका मुलीने मध्यंतरी मला एक प्रश्न विचारला. "सर, कलम्यात आपण 'मुहम्मदुर्-रसूलुल्लाह' म्हणतो. मग अजानीत मुअज्जिनसाहेब 'मुहम्मदर्-रसूलुल्लाह' का म्हणतात? चूक त्यांची की आपली?" शेजारीच तिची दादी बसली होती. "अजानीत चुका काढायच्या नसतात, बेटा," असे म्हणून तिने नातीला गप्प केले. मुलगी मान खाली घालून बसली. पण तिच्या कानाने जो फरक टिपला होता तो खरा होता, आणि तो टिपणारी मुले फार थोडी असतात.

मी दादींना नम्रपणे सांगितले की, हा प्रश्न चुका काढण्याचा नाही, अर्थ विचारण्याचा आहे. चूक येथे कोणाचीच नाही. कलम्यात त्या नावाला पेश हवा आणि अजानीत जबर हवा. इतकेच नव्हे, नमाजच्या शेवटच्या बैठकीत आपण दरूद पढतो तेव्हा त्याच नावाला जेर लागतो: 'अला मुहम्मदिन्'. प्रेषितांचे (स.) नाव एकाच दिवसात, एकाच माणसाच्या तोंडून तीन रूपांत उच्चारले जाते: मुहम्मदुन्, मुहम्मदन्, मुहम्मदिन्. असे का होते, हे आजच्या पाठात पाहावयाचे आहे.

आरंभी लिपीविषयी दोन शब्द. मराठीत शब्दाच्या शेवटचा 'अ' आपण बहुधा उच्चारत नाही. 'घर' लिहितो, 'घर्' म्हणतो. त्यामुळे सूरह फातिहातील 'इय्याक' हा शब्द देवनागरीत वाचणारा मुलगा 'इय्याक्' म्हणून थांबतो. तसे होऊ नये म्हणून काही ठिकाणी 'इय्याका' असे छापलेले दिसते. त्याने ऱ्हस्वाचे दीर्घ होते. दोन्ही उच्चार बरोबर नाहीत. मूळ अरबीत शेवटच्या 'काफ'वर जबर आहे, म्हणजे जेमतेम एका मात्रेचा 'अ'. या लेखात असा शेवटचा जबर दाखविण्यासाठी अक्षरापुढे आडवी रेघ देऊन 'अ' लिहिला आहे: इय्याक-अ. ही सोय केवळ पाठ समजण्यासाठी आहे. कुरआनचे पठण अरबी लिपीतूनच आणि उस्तादांसमोर बसूनच शिकावे.

मराठीतील ओळखीची गोष्ट

शाळेत तुम्ही विभक्ती शिकला आहात. 'मुलाने शिक्षकाला बोलावले' हे वाक्य घ्या. शब्दांचा क्रम बदलून 'शिक्षकाला मुलाने बोलावले' असे म्हटले तरी अर्थ बदलत नाही. कारण बोलावणारा कोण हे 'ने' सांगतो, आणि बोलावले कोणाला हे 'ला' सांगतो. आता हे प्रत्यय काढून टाका. 'मुलगा, शिक्षक, बोलावणे' एवढेच शब्द उरले, तर कोणी कोणाला बोलावले हे कसे कळणार?

मराठीत जे काम 'ने', 'ला', 'चा' हे प्रत्यय करतात, तेच काम अरबीत शब्दाच्या शेवटच्या अक्षरावरील जेर, जबर, पेश करतात. शब्दाच्या शेवटी होणाऱ्या या बदलाला अरबी व्याकरणात 'इअराब' म्हणतात. मराठीत विभक्ती आठ. अरबीत नामाच्या अवस्था फक्त तीन आहेत. (वर्गात हे सांगितले की मुलांचे चेहरे उजळतात.) पेश असलेल्या अवस्थेला 'रफअ', जबर असलेल्या अवस्थेला 'नस्ब' आणि जेर असलेल्या अवस्थेला 'जर' अशी नावे आहेत. नामाला 'अल्' लागलेले नसेल तर बहुधा शेवटी तनवीन येते, म्हणजे उन्, अन्, इन् असा उच्चार होतो: किताबुन्, किताबन्, किताबिन्. 'अल्' आले की तनवीन जाते: अल्-किताबु, अल्-किताब-अ, अल्-किताबि.

आता एक वाक्य पाहा.

नसर-अ हामिदुन् खालिदन्.

'नसर-अ' म्हणजे मदत केली. 'हामिदुन्'वर पेश आहे, म्हणून तो मदत करणारा, कर्ता. 'खालिदन्'वर जबर आहे, म्हणून ज्याला मदत झाली तो, कर्म. अर्थ झाला: हामिदने खालिदला मदत केली. आता क्रम बदलू या: 'नसर-अ खालिदन् हामिदुन्.' खालिद आधी आला, तरी मदत हामिदनेच केली. परंतु 'नसर-अ हामिदन् खालिदुन्' असे म्हटले की सारे उलटले; आता मदत करणारा खालिद आहे. शब्द तेच आहेत, जागाही पहिल्या वाक्यातल्याच आहेत, फक्त जबर आणि पेश यांची अदलाबदल झाली. (मदरशांतील व्याकरणाच्या जुन्या पुस्तकांत हे उदाहरण 'जैदने अमरला मारले' असे असते. शतकानुशतके बिचारा अमर मार खातो आहे. आपण मदतीचे उदाहरण घेतलेले बरे.)

कलमा, अजान आणि दरूद

कलम्याच्या दुसऱ्या भागाचा अर्थ आहे, 'मुहम्मद (स.) अल्लाहचे रसूल आहेत.' अरबीत येथे 'आहेत' यासाठी वेगळा शब्द लागत नाही. दोन नामे शेजारी ठेवली की वाक्य पूर्ण होते. ज्याच्याविषयी सांगावयाचे त्याला 'मुब्तदा' आणि जे सांगावयाचे त्याला 'खबर' म्हणतात. मराठी व्याकरणातील उद्देश्य आणि विधेय आठवा. नियम असा की, मुब्तदा आणि खबर दोघांनाही पेश. म्हणून 'मुहम्मदुन्' आणि 'रसूलु'. मग 'मुहम्मदुन्'मधला 'न्' कोठे गेला? तनवीनच्या पुढे 'र' आला की 'न्' त्या 'र'मध्ये मिसळतो. तजवीदमध्ये याला इदगाम म्हणतात. 'मुहम्मदुन् रसूलु' याचे 'मुहम्मदुर्-रसूलु' असे होते.

अजानीत हेच वाक्य एकटे येत नाही. त्याच्या आधी 'अश्हदु अन्न' असे शब्द आहेत. 'अश्हदु' म्हणजे मी साक्ष देतो, आणि 'अन्न' म्हणजे आपला मराठीतला 'की'. (जेवणातल्या अन्नाशी याचा काही संबंध नाही.) हा 'अन्न' मोठा अधिकार गाजवणारा शब्द आहे. तो वाक्याच्या आरंभी बसला की मुब्तदाचा पेश काढून घेतो आणि त्याला जबर देतो. खबरीचा पेश मात्र तसाच ठेवतो. म्हणून 'मुहम्मदुन्'चे 'मुहम्मदन्' झाले आणि पुढच्या 'र'मध्ये मिसळून 'मुहम्मदर्-रसूलुल्लाह' असे ऐकू आले. 'रसूलु'चा पेश जागच्या जागी राहिला. अन्नसारखेच वागणारे आणखी पाच शब्द आहेत: इन्न, कअन्न, लाकिन्न, लैत-अ आणि लअल्ल. अरबी व्याकरणकार त्यांना 'इन्नच्या बहिणी' म्हणतात. तूर्त इन्न आणि अन्न या दोघीच लक्षात ठेवल्या तरी पुरे. कुरआनमध्ये त्या पानोपानी भेटतात.

खबरीचा पेश राहणे किती महत्त्वाचे आहे, याविषयी जुन्या अरबी ग्रंथांत एक किस्सा आढळतो. एका मुअज्जिनने अजान देताना 'रसूलु'च्या जागी 'रसूल-अ' असे जबर लावून म्हटले. एका खेडवळ अरबाने ते ऐकले आणि विचारले, "मग त्यांनी काय केले?" त्याचा प्रश्न अगदी रास्त होता. जबर लागल्याने 'रसूल-अ' ही खबर राहिली नाही, ती नावाचीच एक ओळख झाली. वाक्याचा अर्थ 'मी साक्ष देतो की, अल्लाहचे रसूल मुहम्मद...' एवढाच उरला, आणि ऐकणारा पुढच्या शब्दाची वाट पाहत राहिला. त्या माणसाने व्याकरणाचे पुस्तक पाहिलेले नव्हते. भाषा त्याच्या कानात होती. आमच्या सातवीतल्या मुलीनेही नेमके हेच केले होते. मी हा किस्सा सांगितला तेव्हा दादी हसल्या आणि म्हणाल्या, "मग विचारू द्या तिला."

आता तिसरे रूप. दरूदमध्ये नावाच्या आधी 'अला' हा शब्द येतो. 'अला' म्हणजे 'वर'. मराठीत 'वर', 'साठी', 'पासून' हे शब्द नामाच्या मागून येतात. अरबीत ते नामाच्या पुढे उभे असतात. फी (मध्ये), मिन् (पासून), इला (कडे), अला (वर), बि (च्या साहाय्याने), लि (साठी) हे त्यांतले नेहमीचे. ह्यांना 'हर्फे जर' म्हणतात, कारण त्यांच्या नंतर येणाऱ्या नामाला ते जेर देतात. 'अला मुहम्मदिन्', 'फिल्-बैति' (घरात), 'मिनल्-मस्जिदि' (मशिदीतून). मराठीतही प्रत्यय लागण्यापूर्वी नाम आपले रूप बदलते. 'मशीद'चे 'मशिदी' होते आणि मग 'तून' लागतो. शाळेत त्याला सामान्यरूप म्हणतात.

आपल्या घरातली नावे

जेर येण्याचे दुसरे एक मोठे कारण आहे, आणि ते तुमच्या शाळेच्या हजेरीपटावरच सापडेल. 'हामिदचे पुस्तक' याला अरबीत 'किताबु हामिदिन्' म्हणतात. मराठीत मालक आधी आणि वस्तू नंतर. अरबीत वस्तू आधी, मालक नंतर. मालकाला जेर लागतो, म्हणजे आपल्या षष्ठीच्या 'चा, ची, चे'चे काम तो जेर करतो. वस्तूची तनवीन जाते आणि तिला 'अल्'ही लागत नाही. रसूलुल्लाहि (अल्लाहचे रसूल), बैतुल्लाहि (अल्लाहचे घर) ही याच घडणीची रूपे आहेत.

'अब्दुल्लाह' हे नावही तसेच: अब्दु अधिक अल्लाहि, अल्लाहचा दास. 'अब्दुल करीम' म्हणजे अब्दु अधिक अल्-करीमि. आता आपण मुलाला नुसते 'अब्दुल' अशी हाक मारतो तेव्हा काय होते ते पाहा. 'च्या दास' असे अर्धेच बोलून आपण थांबतो. ज्याचा तो दास, त्याचेच नाव गळून जाते. 'नूरुद्दीन'ची गत याहून निराळी. अनेक कागदपत्रांवर ते 'नूर उद्दीन' असे तोडून लिहिलेले असते. पण 'उद्दीन' असा शब्दच नाही. 'नूरु' आणि 'अद्-दीनि' हे दोन शब्द जोडले गेले आहेत; तो 'उ' हा नूरचा पेश आहे, दीनचा नव्हे.

आणखी एक ओळखीचे नाव. प्रेषितांचे (स.) चुलते 'अबू तालिब'. पण त्यांच्या पुत्राचा, हजरत अली (रजि.) यांचा उल्लेख आपण 'अली इब्न अबी तालिब' असा करतो. 'अबू'चे 'अबी' कसे झाले? 'इब्न' म्हणजे पुत्र. कोणाचा पुत्र, हे सांगणाऱ्या पुढच्या शब्दाला जर अवस्था हवी. 'अबू' (पिता) हा शब्द अशा जोडणीत ऱ्हस्व जेर, जबर, पेश यांच्याऐवजी दीर्घ स्वर घेतो: रफअमध्ये अबू, नस्बमध्ये अबा, जरमध्ये अबी. 'साद इब्न अबी वक्कास' हेही तसेच.

हे शास्त्र का निर्माण झाले

कुरआनच्या आरंभीच्या लिखित प्रतींत जेर, जबर, पेश यांच्या खुणा नव्हत्या. अरबांना त्यांची गरजही भासत नव्हती. पुढे इस्लाम इराक, इराण, शाम, मिसर येथे पोहोचला आणि ज्यांची मातृभाषा अरबी नाही असे लाखो लोक कुरआन पढू लागले. तेव्हा शेवटचे स्वर चुकू लागले.

बसरा शहरातील विद्वान अबुल अस्वद अद्-दुअली (मृत्यू हिजरी 69) यांच्याविषयी एक रिवायत प्रसिद्ध आहे. तपशिलात फरक आढळतात, पण गाभा असा की, त्यांनी एका माणसाला सूरह तौबाची 3री आयत पढताना ऐकले. त्या आयतीत मुश्रिकांसंबंधीची घोषणा आहे: अल्लाह मुश्रिकांच्या जबाबदारीतून मुक्त आहे, आणि त्याचा रसूलही. तेथे 'रसूलुहू' असा पेश आहे. त्या माणसाने जेर लावून 'रसूलिही' असे पढले. एवढ्याने अर्थ झाला, 'अल्लाह मुश्रिकांपासून मुक्त आहे आणि आपल्या रसूलापासूनही', नऊजुबिल्लाह! पढणाऱ्याच्या मनात काहीच वाईट नव्हते. केवळ लामवरचा स्वर चुकला होता.

अबुल अस्वद यांनी मग एक लेखनिक घेतला आणि त्याला सांगितले: मी अक्षर उच्चारताना तोंड उघडले तर अक्षराच्या वर एक ठिपका दे, ओठ मिटवून पुढे आणले तर अक्षराच्या समोर, आणि ओठ खाली ओढले तर अक्षराच्या खाली. हे ठिपके वेगळ्या रंगाच्या शाईने दिले. जबरचे अरबी नाव फतहा (उघडणे), पेशचे जम्मा (मिटवणे, जोडणे) आणि जेरचे कसरा (मोडणे). उच्चाराच्या वेळची ओठांची ठेवण त्या नावांतही दिसते. आरशासमोर उभे राहून आ, उ, इ म्हणून पाहा. आज आपण पाहतो त्या खुणा दुसऱ्या हिजरी शतकात खलील इब्न अहमद यांनी रूढ केल्या. पेशचा आकार नीट पाहिलात तर तो लहानसा 'वाव' आहे.

खलील यांचे शिष्य सीबवैह हे इराणी. व्याकरणाकडे ते कसे वळले याचीही एक हकीकत सांगतात. तरुणपणी ते हदीस शिकत होते. एका हदीसमध्ये 'अबा' असे असताना ते 'अबू' पढले आणि उस्तादांनी भर वर्गात चूक दाखवली. आपल्याला कोणी पुन्हा असे टोकू नये इतके हे शास्त्र शिकायचे, असे त्यांनी ठरवले. अरबी व्याकरणाचा आज उपलब्ध असलेला सर्वांत जुना सविस्तर ग्रंथ त्यांचाच आहे. त्याला नुसते 'अल्-किताब' म्हणतात. ज्याची मातृभाषा अरबी नव्हती, त्याने तो लिहिला. मराठी घरात वाढणाऱ्या मुलाने हे ध्यानात ठेवावे.

मराठी वाचकाची चूक होण्याचा संभव कोठे असतो, याचे उदाहरण सूरह फातिरच्या 28व्या आयतीत आहे. आपल्याला कर्ता वाक्यात आधी येण्याची सवय. त्या आयतीत 'भय बाळगतो' या अर्थाच्या क्रियापदानंतर लगेच 'अल्लाह' हा शब्द आहे आणि 'उलमा' (ज्ञानी लोक) हा शब्द नंतर येतो. सवयीने अर्थ लावला तर तो भलताच होईल. परंतु 'अल्लाह' शब्दावर जबर आहे, म्हणजे ते कर्म. 'उलमा'वर पेश आहे, म्हणजे तो कर्ता. अर्थ: अल्लाहच्या दासांपैकी ज्ञानी असतात तेच त्याचे भय बाळगतात.

येथे कोणी विचारील, मग हे शेवटचे स्वर आम्हाला ऐकू का येत नाहीत? कारण थांबताना ते उच्चारले जात नाहीत. याला वक्फ म्हणतात. तकबीरमध्ये मूळ रूप 'अकबरु' आहे, पण तेथे आपण थांबतो, म्हणून 'अकबर्'. तनवीनचा 'अन्' मात्र थांबताना 'आ' होतो: 'जजाकल्लाहु खैरन्' म्हणून थांबलो की 'खैरा'. त्या छोट्या वाक्यात अल्लाहु कर्ता आहे, 'क-अ' म्हणजे तुला, आणि खैरन् म्हणजे जे द्यावे अशी दुआ आहे ते, भले. दिवसातून दहा वेळा आपण हे म्हणतो. पुढच्या वेळी 'हु'वरचा पेश कानाने ऐका.

स्वाध्याय

'फतह-अ बाबन् खालिदुन्' (फतह-अ: उघडले, बाब: दार) याचा अर्थ सांगा आणि तो कशावरून ओळखला ते लिहा. 'हामिदुन् सादिकुन्' म्हणजे हामिद खरे बोलणारा आहे. याच्या आधी 'इन्न' ठेवून वाक्य पुन्हा लिहा. 'बैत' आणि 'मुअल्लिम' (शिक्षक) या शब्दांपासून 'शिक्षकाचे घर' आणि 'शिक्षकाच्या घरात' असे दोन शब्दसमूह तयार करा. दुसऱ्यात दोन जेर येतील, त्यांची कारणे वेगवेगळी आहेत.

'समिअल्लाहु', 'अस्तग्फिरुल्लाह-अ' आणि 'बिस्मिल्लाहि' या तिन्हींत 'अल्लाह' हा शब्द आहे आणि तिन्हींत त्याचा स्वर निराळा आहे. का? बिस्मिल्लाहमध्ये घाई करू नका. तेथील 'बि'ने जेर दिला तो 'इस्म' (नाव) या शब्दाला. अल्लाहचा जेर कोठून आला?

सूरह बकराच्या 124व्या आयतीत 'परीक्षा घेतली' या अर्थाच्या क्रियापदानंतर 'इब्राहीम-अ' आणि मग 'रब्बुहू' (त्याचा रब्ब) असे शब्द आहेत. परीक्षा कोणी घेतली आणि कोणाची, हे स्वरांवरून सांगा.

शेवटचा प्रश्न अवघड आहे. दरूदमध्ये 'अला मुहम्मदिन्' असा जेर आहे, पण त्याच 'अला'च्या पुढे 'इब्राहीम-अ' असा जबर आहे. छापण्यातली चूक नव्हे. इब्राहीम, उमर, अहमद अशा काही नावांना तनवीन लागत नाही आणि जेरच्या जागीही जबरच लागतो. अशी आणखी नावे आपल्या घरात आणि मोहल्ल्यात शोधून त्यांची यादी करा. त्यांचे कारण पुढील पाठात पाहू.